पुलाला टन कळतात, रस्त्याला चाकं

चंद्रपूर-वरोरा रस्त्यावर एखाद्या ढाब्याशेजारी मोठा ट्राला उभा राहिला की भोवती जमलेली मंडळी ड्रायव्हरला पहिला प्रश्न ठरलेला विचारतात, "किती एचपीची आहे हो गाडी?" प्रश्न वावगा नाही, पण त्याची जागा यादीच्या तळाशी आहे. अवजड माल न्यायची गाडी ठरवताना हॉर्सपॉवरच्या आधी पूल, चढ, वळणं, वीजतारा, रेल्वेफाटकं आणि चाकांची संख्या यांचा निकाल लावावा लागतो. तो लागला की इंजिनाबद्दल भांडण्यासारखं फारसं उरत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत असा माल कुठून येतो, असं बाहेरच्या माणसाला वाटू शकतं. ताडोबाचे वाघ आणि आलापल्लीचं सागवान एवढीच इथली ओळख असेल तर ते साहजिक आहे. पण चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातला पहिला संच 1983 साली सुरू झाला आणि जुने दोन संच निवृत्त होऊनही आज तिथली क्षमता 2920 मेगावॉट आहे. त्यातले पाच संच 500 मेगावॉटचे. अशा संचातल्या जनित्राचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा बाहेरचा भाग, एकसंध असतो आणि त्याचं वजन अडीचशे टनांच्या आसपास जातं. भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण भारताची वीजजाळी एकमेकांना जोडणारं केंद्र आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब उच्चदाब एकदिश वाहिनी जाते. या दोन्हींचे ट्रान्सफॉर्मर म्हणजे घराएवढी धुडं. शिवाय घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर इथले सिमेंट कारखाने, वेकोलिच्या उघड्या कोळसा खाणी, आणि आता सुरजागडचं लोहखनिज व कोनसरीचा लोह प्रकल्प.

यातला काही माल रेल्वेच्या खास वॅगनीवरून येतो. पण रूळ संपतात तिथून यंत्राच्या पायापर्यंतचं अंतर रस्त्यानेच कापावं लागतं, आणि गडचिरोली जिल्ह्यात रूळ देसाईगंज-वडसाच्या कोपऱ्याला शिवून निघून जातात. वडसा ते गडचिरोली मार्गाचं काम सुरू झालं, तरी आष्टी, आलापल्ली, एटापल्ली, सिरोंचा या पट्ट्यात जे काही जड जायचं ते चाकांवरच जाणार.

आता कायद्याचं माप. साध्या मालगाडीची रुंदी 2.6 मीटरपेक्षा जास्त चालत नाही, उंची 4 मीटर. 2018 साली केंद्राने ॲक्सलभाराच्या मर्यादा वाढवल्या. चार टायरांच्या एका ॲक्सलवर पूर्वी 10.2 टन चालत, ते 11.5 झाले. जोड ॲक्सलचे 19चे 21 झाले. सर्वांत जड ट्रॅक्टर-ट्रेलरची एकूण मर्यादा 49 टनांवरून 55 टनांवर गेली. म्हणजे वेगळी परवानगी न काढता रस्त्यावर उतरता येईल ते जास्तीत जास्त 55 टन, गाडीच्या स्वतःच्या वजनासकट. याच्यापुढचं सगळं 'ओडीसी', म्हणजे मापाबाहेरचा माल, नाहीतर अतिवजनी. दोन्हींना स्वतंत्र परवाना लागतो.

55 टनांच्या पुढे गेल्यावर जास्त ताकदीचा ट्रक घेऊन भागत नाही. ट्रेलरची जातच बदलते. साध्या ट्राल्याऐवजी हायड्रॉलिक ॲक्सलचा, तुकडे जोडून हवा तेवढा लांब करता येणारा ट्रेलर लागतो. जर्मनीचे गोल्डहोफर आणि शॉयर्ले, फ्रान्सचे निकोलास, इटलीचे कोमेत्तो ही या धंद्यातली जुनी नावं. या ट्रेलरची एक ओळ म्हणजे आडवे दोन छोटे ॲक्सल, प्रत्येकाला चार टायर, असे आठ. धंद्यातली माणसं ओळीलाच 'ॲक्सल' म्हणतात, म्हणून 'चौदा ॲक्सलचा हायड्रॉलिक' म्हटलं की 112 टायर समजायचे. आपल्याकडे अशा एका ओळीवर 18 टन भार मंजूर आहे. ओळीचं स्वतःचं वजन साधारण चार टन धरलं तर मालासाठी चौदा उरतात. मग हिशेब सोपा आहे. एकशे नव्वद टनांच्या ट्रान्सफॉर्मरला चौदा ओळी लागतात, अडीचशे टनांच्या स्टेटरला अठरा ते वीस.

इथे एक गंमत आहे, आणि ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला पटवून देणं अवघड जातं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक रात्रंदिवस फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. या नियमाने 10.2चे 11.5 टन केले तेव्हा भार वाढला तेरा टक्के, पण प्रत्येक ॲक्सलमागे झीज वाढली साठ टक्क्यांहून जास्त. आणि हायड्रॉलिक ट्रेलरच्या ओळीतल्या एका ॲक्सलवर येतात फक्त 9 टन. म्हणजे चौदा ओळींचं, भरून 252 टनांचं ते अजस्र धूड एका ॲक्सलमागे रस्त्याला जेवढं घासतं, ते 11.5 टनांच्या ॲक्सलच्या चाळीस टक्क्यांच्याही आत.

आष्टी-आलापल्ली रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांमुळे पडलेले खड्डे, उडणारी धूळ आणि त्यावरून झालेली आंदोलनं आठवा. तिथे कुणी अडीचशे टनांचा माल नेत नव्हतं. कायद्याच्या मापातले, किंवा मापाच्या थोडे वर गेलेले ट्रक रोज, एकामागून एक, पावसाळ्यातही जात होते. वर्षातून एकदा येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला पाहून "आता रस्त्याची वाट लागणार" म्हणणारे आपण, रोजच्या ओव्हरलोड हायवा ट्रककडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. मला तरी खरा गुन्हेगार तो हायवा वाटतो.

पूल मात्र असा फसत नाही. त्याला चाकं मोजता येत नाहीत, त्याला टन कळतात. डांबराच्या थराला प्रत्येक ॲक्सल स्वतंत्रपणे जाणवतो. पुलाच्या तुळईला त्या गाळ्यावर एकाच वेळी किती वजन उभं आहे ते जाणवतं. हायड्रॉलिकच्या ओळी साधारण दीड-दीड मीटरवर असतात. चौदा ओळी म्हणजे वीस-एकवीस मीटर. पुलाचा गाळा वीस मीटरचा असेल तर जवळजवळ सगळे 252 टन एकाच वेळी त्याच्या पाठीवर. म्हणून ओळी वाढवल्या की रस्ता सुखावतो. पुलाचा भार मात्र त्यामानाने हलका होत नाही, निदान ट्रेलर गाळ्यापेक्षा लांब होईपर्यंत. यावर मोठ्या गाड्यांचा उपाय म्हणजे ओळींचे दोन गट करायचे आणि मध्ये पोलादी तुळयांवर माल टांगायचा. मग पुढचा गट एका गाळ्यावर आणि मागचा दुसऱ्या गाळ्यावर राहतो. पण त्याने गाडीची लांबी आणखी वाढते, आणि ती लांबी वळणावर महागात पडते. इथली प्रत्येक निवड दुसऱ्या कुठल्यातरी निवडीच्या पायावर पाय देते.

आपल्या देशातले महामार्गांवरचे पूल ज्या संहितेप्रमाणे आखले जातात, त्या भारतीय रस्ते महासभेच्या आयआरसी 6 मध्ये नेहमीचे भार 'क्लास ए' आणि '70 आर' या नावांनी दिलेले आहेत. गेल्या दशकात तिच्यात एक 'विशेष वाहन' आलं. एकूण 385 टन. त्यात 25 टनांचा पुलर, म्हणजे ट्रेलर ओढणारी गाडी, आणि 18 टनांच्या वीस ओळी. बेरीज करून पाहा, वर स्टेटरसाठी काढलेल्या ट्रेलरच्याच मापाची गाडी आहे ही. त्या गाडीसाठी पूल तपासताना काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. ती पुलाच्या मधोमध चालेल, वेग ताशी 5 किलोमीटरच्या आत असेल आणि त्या वेळी पुलावर दुसरं एकही वाहन नसेल. म्हणून पोलीस दोन्ही टोकांना वाहतूक अडवतात. म्हणूनच ड्रायव्हरला सांगितलेलं असतं की पुलावर गिअर बदलायचा नाही, ब्रेक मारायचा नाही, पुलाआधी जो गिअर पडेल त्यावरच पलीकडे जायचं. अडीचशे टनांचा धक्का आडवा बसला तर तुळईआधी तिच्या खालची बेअरिंगं बोंबलतात.

अडचण जुन्या पुलांची. वर्धा, पैनगंगा, इरई, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, नद्यांना इथे तोटा नाही, आणि त्यांच्यावरचे सगळे पूल काही या संहितेनंतरचे नाहीत. बल्लारपूर-राजुरा मार्गावरचा वर्धेवरचा पूल मोठ्या पुरात पाण्याखाली जातो. भामरागडजवळ पर्लकोटा नदीने दरवर्षी वाट अडवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. दिवाळीनंतर माल निघावा आणि मृगाच्या आत तो पायावर बसावा, हे इथल्या कुठल्याही वाहतूकदाराला परवान्यात लिहून द्यावं लागत नाही.

आता इंजिन. ढाब्यावरच्या प्रश्नाला इथे उत्तर देता येतं, आणि ते आकड्यांतच द्यावं.

चौदा ओळींचा भरलेला ट्रेलर 252 टन, पुलर 25 टन, मिळून 277. सपाट चांगल्या डांबरावर टायर लोळवायला वजनाच्या साधारण सव्वा टक्का ओढ लागते, म्हणजे साडेतीन टनांच्या आत. काहीच नाही. आता रेल्वेवरचा उड्डाणपूल घ्या. त्याच्या जोडरस्त्याचा चढ साधारण तीसला एक असतो. चढासाठी आणखी सव्वानऊ टन ओढ. एकूण साडेबारा टनांच्या वर. ताशी 5 किलोमीटरने एवढी ओढ द्यायला चाकांपाशी सुमारे 235 हॉर्सपॉवर पुरतात. गिअर आणि डिफरन्शियलमध्ये वाया जाणारी ताकद धरली तरी पावणेतीनशे. बाजारात पाचशेच्या पुढचे पुलर मिळतात. मग अडलं कुठे?

अडलं चाकाखाली. पुलरच्या 25 टनांपैकी ओढणाऱ्या मागच्या दोन ॲक्सलवर येतात 19 टन. कोरड्या डांबरावर रबराची पकड भाराच्या साठ टक्के धरली तर चाकं जास्तीत जास्त 11.4 टन ओढू शकतात. हवे साडेबारा. पाचशे काय, हजार हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं तरी चाकं जागच्या जागी फिरतील, रबर जळेल आणि गाडी इंचभर पुढे सरकणार नाही. एक सर आली, पकड चाळीस टक्क्यांवर उतरली, की हीच मर्यादा साडेसात टनांवर येते.

म्हणून दोन पुलर. दुसरा पुलर पुढे जोडतात किंवा मागून ढकलायला लावतात. एकूण वजन 302 टन होतं, ओढ लागते पावणेचौदा टनांच्या आसपास, आणि ओल्या रस्त्यावरही दोघांची मिळून पकड पंधरा टनांवर असते. चढ पार. मागच्या पुलरचा खरा उपयोग तर उतरणीवर. वर चढवलेलं 252 टनांचं धूड पलीकडे उतरवताना पुढच्या गाडीच्या अंगावर येऊ नये, म्हणून तो मागून धरून ठेवतो. त्याच कारणाने पुलर घेताना नुसते ब्रेक पाहून चालत नाही, इंजिन-ब्रेक आणि रिटार्डर पाहावा लागतो. ब्रेकचे लायनर उतरणीच्या अर्ध्यातच तापून पकड सोडतात.

तेव्हा पुलरच्या कागदावर कोणते रकाने आधी वाचायचे ते उघड आहे. मागचे दोन्ही ॲक्सल ओढणारे हवेत. चाकाच्या हबमध्ये गिअर असलेले, म्हणजे हब रिडक्शनचे असतील तर उत्तम, कारण मग अर्धशाफ्टवर पीळ कमी येतो आणि तुटायचं ते कमी तुटतं. डिफरन्शियल लॉक हवाच. सर्वांत खालचा गिअर असा हवा की गाडी माणसाच्या चालीने तासभर चालली तरी क्लचला हात लावावा लागू नये. शक्य असेल तर टॉर्क कन्व्हर्टर. थांबलेला भार हलवताना साधी क्लच प्लेट जो जळका वास सोडते तो ज्याने एकदा घेतलाय, तो याची किंमत विचारत बसत नाही. पुलरच्या पाठीवर काँक्रीटचे ठोकळे का ठेवतात, हेही आता कळेल. त्यांचं काम एकच, चाकं दाबून धरायचं. अर्थात ॲक्सलच्या मंजूर भाराच्या आतच.

हायड्रॉलिक ॲक्सलबद्दल एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक चाकजोडीवर तेलाचा एक सिलिंडर असतो आणि हे सगळे सिलिंडर नळ्यांनी एकमेकांना जोडून सहसा तीन गट करतात. तिपाई कशीही ठेवली तरी तिन्ही पायांवर टेकते, तसा माल तीन गटांवर टेकतो आणि डुगडुगत नाही. एका गटातलं तेल एकच, म्हणून एखादं चाक खड्ड्यात गेलं तर त्याचा सिलिंडर लांबतो, शेजारच्याचा आखडतो, आणि माल जागचा हलत नाही. ट्रेलरसोबत चालणारा माणूस दाबाचे काटे बघत असतो. एका गटाचा काटा बाकीच्यांपेक्षा वर गेला की माल त्या बाजूला कलतोय. रस्त्याच्या बाजूच्या उताराप्रमाणे तो एका बाजूचं तेल वाढवून पाटा पुन्हा समतल करतो. पण हीच सोय उलटूही शकते. एक नळी फुटली तर अख्खा गट बसतो. म्हणून मधल्या बंद करायच्या झडपा चालू स्थितीत आहेत की नाहीत, हे माल चढवण्याआधीच पाहायचं असतं. वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीत तर रस्त्याची कड भरवशाची नसते. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात लोणी. डांबर सोडून चाक हातभर बाहेर गेलं की खालची जमीन बसते आणि तेल त्या बाजूला धावतं.

मालही तसाच नाजूक. ट्रान्सफॉर्मर निघताना त्यातलं तेल काढून आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरतात, बुशिंग आणि रेडिएटर वेगळे पाठवतात. अंगावर धक्के नोंदवणारं यंत्र बांधलेलं असतं. ठरलेल्या मर्यादेपलीकडचा एक हिसका त्यात नोंदला गेला तर माल पोचूनही ताब्यात घेतला जाईलच असं नाही. ताशी पाच-दहा किलोमीटरचा वेग कंटाळवाणा वाटतो तो बघणाऱ्याला.

उंचीचं गणित बेरजेचं आहे, पण फसवतं तेच. हायड्रॉलिकचा पाटा जमिनीपासून साधारण 1.2 मीटर. वर 3.8 मीटरचा माल ठेवला की झाले 5. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारा नियमाने 5.8 मीटरवर हव्यात, 11 हजारांच्या 6.1 वर. कागदावर जागा आहे. प्रत्यक्षात जुन्या तारांना झोळ पडलेला असतो आणि गावातल्या तारा कुणी कधी मापलेल्या नसतात. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेफाटकाच्या दोन्ही बाजूंना जी आडवी लोखंडी कमान असते ती 4.67 मीटरवर, आणि तिच्या आत 25 हजार व्होल्टची तार. नागपूर-बल्लारशा मार्ग म्हणजे दिल्ली-चेन्नईची मुख्य वाहिनी. तिथे 5 मीटरचा माल न्यायचा तर रेल्वेकडून वीज बंद ठेवण्याची वेळ मागून घ्यावी लागते, आणि दिवसात अशी वेळ फार मिळत नाही. त्यापेक्षा तुळयांमध्ये टांगलेला, जमिनीला जवळजवळ टेकलेला माल नेणारा ट्रेलर महाग असला तरी परवडू शकतो. तीस-पस्तीस सेंटिमीटरसाठी ट्रेलरचा प्रकार बदलावा लागतो, तो असा.

वळणांच्या बाबतीत या जिल्ह्यांचं वेगळेपण खरं दिसतं. चंद्रपूर शहरात गोंडकालीन परकोट आहे, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे दरवाजे आहेत. हत्तीच्या मापाने बांधलेल्या कमानींतून ट्रान्सफॉर्मर नेण्याचा विचारही कुणी करणार नाही, बाहेरचीच वाट धरावी लागते. पण शहराबाहेर पडलं की जंगल सुरू होतं. इतर ठिकाणी वळण आखूड पडलं तर शेतकऱ्याला भरपाई देऊन बांध काढता येतो, मुरूम टाकून दोन दिवसांत वळणरस्ता होतो. इथे रस्त्याची हद्द संपली की बहुतेक ठिकाणी वन विभागाची सुरू होते. गडचिरोलीचा तीन-चतुर्थांश भूभाग जंगल आहे. 1980च्या वन संवर्धन कायद्याने तिथे साधा वळणरस्ताही केंद्राच्या मंजुरीचा विषय होऊ शकतो. जिथे झाड म्हणून नाही, नुसती बोरी-बाभळीची खुरटी झुडपं आहेत, तीही महसुली कागदावर 'झुडपी जंगल' असेल तर वनच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या अशा जमिनींबद्दल तसंच सांगितलं. रस्त्यावर झुकलेली सागाची फांदी छाटायलाही परवानगी लागते.

म्हणजे इथे वाट गाडीच्या मापाची करता येत नाही, गाडीच वाटेच्या मापाची निवडावी लागते. म्हणून प्रत्येक ओळ स्वतंत्र वळणारा ट्रेलर. त्याच्या मागच्या ओळी उलट्या वळवून तीस मीटरची गाडी आखूड वळणातून काढता येते. मागे चालणारा सुकाणूवाला पुलरच्या ड्रायव्हरइतकाच महत्त्वाचा, आणि माझ्या मते जास्तच. लांब पल्ल्याच्या तुळया असलेला ट्रेलर पुलासाठी बरा असला तरी मूल किंवा घोटकडच्या जंगलातल्या वळणांसाठी नको, हा निर्णय नकाशावर होत नाही. फीत घेऊन वाटेवरून चालावं लागतं.

हे सगळं वाचून कुणा चंद्रपूरकर वाहतूकदाराने हायड्रॉलिक ॲक्सल विकत घ्यायला निघू नये. 250 टनांचा माल इथे रोज येत नाही. रोजचं काम आहे खाणीतून खाणीत डोझर आणि पोकलेन हलवायचं. मोठा डोझर चाळीस-पन्नास टनांचा. त्याला लो-बेड लागतो, पाटा मीटरभर उंचीचा, मागे चढायला मजबूत रॅम्प आणि साखळ्या अडकवायला भरपूर कड्या. पातं काढून वेगळं ठेवलं तर रुंदीचाही त्रास कमी. अशा कामाला एक चांगला 6x4 ट्रॅक्टर आणि तीन किंवा चार ॲक्सलचा लो-बेड पुरतो, आणि तो महिन्याचे बरेच दिवस भाडं कमावतो. हायड्रॉलिक ओळी वर्षातले किती महिने आवारात उभ्या राहतील, हे आधी मोजावं. उभ्या टायरांना भेगा पडतात, सिलिंडरची सीलं सुकतात, व्याज मात्र सुकत नाही. मोठं काम आलं तर ओळी भाड्याने आणाव्यात. त्यासुद्धा येतात तुकड्यांत, चार-सहा ओळींचा एक तुकडा साध्या ट्राल्यावर लादून, आणि माल पायावर बसला की तशाच सुट्या होऊन परत जातात.